कीर्ती घरत आणि कामोठ्याचे छप्पर

कीर्ती घरत हिने नोकरीच्या काही वर्षांत हजारो घरे मोजली होती, आणि त्यांतल्या एकाही घराच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता. ती घरे समुद्रापलीकडच्या देशात होती. तिथे छप्पर बदलायचे झाले, की कंत्राटदार शिडी लावून वर चढत नाही. तो विमानातून टिपलेले घराचे छायाचित्र पाठवतो, आणि पनवेलच्या एसटी स्थानकाजवळ, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसलेली कीर्ती आढ्यापासून वळचणीपर्यंत रेषा ओढून त्याला नेमके माप कळवते. छपराखाली राहणाऱ्यांना आपल्या छपराला उतरती पाखी किती आहेत हेही ठाऊक नसेल; गव्हाण गावच्या एका मुलीला मात्र ते पाठ असे.

या कामाविषयी तिच्या वडिलांचे, कमलाकर घरत यांचे, मत आरंभी फारसे चांगले नव्हते. त्यांच्या तरुणपणी घरची मिठागरे होती. आता त्यांचा रेती-विटांचा व्यवसाय होता आणि गावात रस्त्यापर्यंत अंग पसरलेला तिमजली बंगला होता. ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिचे माप घेता येते, हे त्यांना पटत नसे.

"वरून सरळ पाहिलं ना बाबा, की उतरतं छप्पर आहे त्याहून लहान दिसतं," कीर्तीने एकदा जेवताना त्यांना समजावले होते. "म्हणून तिरकस बाजूनं काढलेला फोटो पण बघायचा, त्यावरून उतार काढायचा. मग खरं माप निघतं."

"म्हंजे छप्पर खोटा बोलतं?"

"छप्पर कशाला बोलेल? आपण एकाच बाजूनं बघतो."

"मंग सरल सांग ना, फोटो खोटा बोलतं," असा निकाल देऊन कमलाकरांनी मासळीकडे लक्ष वळवले.

त्यांचे मत बदलले ते गोदूआत्यामुळे. गोदूआत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिच्या मुलीला उरणकडचे एक स्थळ आले होते आणि मुलाकडचे बंगल्याच्या गोष्टी सांगत होते. आत्या सहज कीर्तीला म्हणाली, "बग गो बाय, तुज्या त्या आबालातून. पोराचा घर कवरा हाय?" कीर्तीने फोनवर उपग्रहाने टिपलेले चित्र उघडले, बोटाने चार कोपरे धरले आणि सांगितले, की बंगला आहे खरा, पण तो शेजाऱ्यांचा आहे, यांचा आहे तो त्याच्या सावलीतला गाळा. स्थळ मोडले, आणि कीर्तीचे नाव झाले.

त्यानंतर पंचक्रोशीत एक नवाच रिवाज पडला. मुलाचे शिक्षण विचारावे, नोकरी विचारावी, गोतातली दोन नावे काढावीत, आणि मग कीर्तीला छप्पर विचारावे. एका वरपित्याने गच्चीवरच्या शेडला लाल रंग लावून घेतला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, वरून बरा दिसला पायजे. दुसऱ्याने गच्चीवर पडून असलेली ताडपत्री पसरवून ठेवली आणि वाऱ्याने ती शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकली, तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला स्थळे येऊ लागली, असेही लोक हसून सांगत. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या दारावरून ओळखण्याची रीत जुनीच आहे. ती आता कौलांवर चढली, एवढाच काय तो बदल. कीर्तीला या सगळ्याची गंमत वाटे, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटे. तिचे माप चुकत नाही, हे लोक तिच्या तोंडावर म्हणत.

तिच्या धाकट्या बहिणीचे, अंकिताचे, लग्न निघाले तेव्हा मात्र प्रश्न वेगळा होता. अंकिता कामोठ्याच्या एका शिकवणीवर्गात विज्ञान शिकवी. तिथेच हृतिक गोवारी गणित शिकवी. दोघांचे जुळले होते. दोघांच्या घरी ते माहीत होते आणि माहीत नसल्यासारखे चालले होते. हृतिकचे वडील आनंदा रीतसर मागणी घालायला गव्हाणला आले, बंगल्याच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या अगदी कडेला बसले, आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधी म्हणाले:

"पाव्हनं, एक गोष्ट आदीच सांगतो. आमचा घर लहान हाय."

कमलाकरांची मान ताठ झाली. शिकवणीवाला जावई हे त्यांना आधीच थोडे कडू लागत होते. त्यात लहान घर! त्यांनी समोर बसलेल्या कीर्तीकडे पाहिले. कीर्तीने अंकिताकडे पाहिले. अंकिता दाराच्या चौकटीला नखाने खरवडत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहून कीर्तीच्या मनात एकच इच्छा उरली: ते घर मोठे निघावे.

तिने फोन काढला. हृतिकच्या घराचा ठिकाणा तिच्याकडे होताच. जुन्या कामोठे गावातल्या दाटीत, एका बोळाच्या टोकाशी, एक प्रचंड तांबूस छप्पर पसरलेले होते. पत्र्याच्या पन्हळीसारख्या त्याच्या रेषा दिसत होत्या. बोळापासून मागच्या विहिरीपर्यंत सलग. तिने चार कोपरे धरले, आकडा पाहिला, पुन्हा धरले, आणि वडिलांच्या कानाशी वाकून कुजबुजली.

कमलाकरांची मान सैल झाली. मग ते हसू लागले. "लहान! ऐकलास काय गो सुनीता? लहान घर म्हनतान पाव्हनं!"

सुनीताबाई, म्हणजे कीर्तीची आई, हसली. आत्या हसली. दिवाणखाना हसला. आनंदा गोवारींना कशाचा विनोद झाला ते कळले नाही. पण परक्या घरात एकट्याने गंभीर राहणे त्यांना असभ्य वाटले असावे, म्हणून तेही थोडे हसले.

"खरंच लहान हाय हो," ते पुन्हा म्हणाले.

"कलला, कलला," कमलाकर त्यांच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. "अशी मानसा आता रायली नाय."

विनय हा गुण आपल्याकडे इतका दुर्मिळ झाला आहे, की साधे सत्य कोणी सांगितले तरी आपण त्याला विनय समजतो. आनंदा गोवारी त्या दिवशी मोठ्या मनाचा माणूस ठरून परत गेले, आणि तसे ते होतेही. फक्त कारण वेगळे होते.

पुढच्या काही दिवसांत कमलाकरांनी ते घर गावाला सांगितले. प्रत्येक सांगण्यात त्याला एक खोली वाढे. घर पाहायला जायचा रविवार ठरला, आणि तो जवळ येईपर्यंत कामोठ्याच्या त्या छपराखाली एक झोपाळाही आला होता.

शनिवारी दुपारी डबे खाऊन झाल्यावर कीर्तीने शेजारच्या टेबलावरच्या मनिषाला ते चित्र मोठ्या पडद्यावर दाखवले. मनिषा पनवेलच्या बाजारपेठेतली. कचेरीत कीर्तीच्या खालोखाल तिची नजर चांगली, असे सगळे म्हणत, आणि हे 'खालोखाल' तिला मान्य नव्हते.

"मस्त आहे," मनिषा म्हणाली. मग तिने डोके एका बाजूला कलते केले. "आढं कुठाय गं याचं?"

"सपाट असेल."

"पत्र्याचं सपाट? पाणी कुठे जाईल? आणि सावली बघ. शेजारच्या दुमजली घराची सावली पार बोळ ओलांडून गेलीय. हे एवढं धूड, आणि सावली टीचभर?"

कीर्तीने चित्र आणखी मोठे केले. मनिषाने खुर्ची पुढे ओढली. "दुसऱ्या सीझनचं इमेज बघितलंस ना?"

कचेरीचा तो पहिला नियम होता. एका चित्रावर कधी विसंबायचे नाही, दुसऱ्या ऋतूतले पाहायचे. आणि एकाच्या मोजण्यावर विसंबायचे नाही, दुसऱ्याने पुन्हा मोजायचे. त्यांचे वरिष्ठ अविनाश सर नव्या माणसाला हे सांगताना आवाज खाली आणत. कीर्तीने तो नियम परक्या देशातल्या हजारो अनोळखी घरांसाठी पाळला होता. आपल्या बहिणीच्या घरासाठी पाळला नव्हता, कारण पहिल्याच चित्रात तिला हवे ते दिसले होते.

मनिषाने पावसाळ्यानंतरचे चित्र लावले. तांबूस छप्पर नाहीसे झाले. त्या जागी मोकळे, स्वच्छ, मातीचे अंगण होते, आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात दोन पाख्यांचे कौलारू घर, काडेपेटी ठेवावी तसे. मनिषाने पहिले चित्र परत आणले, तारीख वाचली, एप्रिल महिना पाहिला, आणि तिने तोंडावर हात धरला.

"कीर्ती! तू मांडव मोजलास!"

हळदीचा मांडव. कापडाच्या चुण्या तिला पत्र्याच्या पन्हळी वाटल्या होत्या, आणि मांडवाची कड घराच्या वळचणीला भिडवलेली असल्यामुळे दोन्ही मिळून एकच छप्पर दिसले होते. ज्या मुलीने जन्मापासून गावातल्या प्रत्येक मांडवाखाली नाचून घेतले, तिने मांडव वरून ओळखला नाही. मनिषा हसता हसता टेबलावर वाकली. कीर्तीही हसू लागली, आणि मध्येच थांबली. उद्या रविवार होता.

तिने जिन्यात जाऊन अंकिताला फोन लावला आणि एका दमात सगळे सांगितले.

मग अंकिता म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"घर लहान आहे ते. मी जाऊन आलेय गं. दोनदा. बरं, चारदा. पण बाबा एवढे खूश झाले, मी काय बोलणार होते? तू सांगितलंस म्हणून तर ते हो म्हणाले. ताई, प्लीज, आता काही बोलू नकोस. उद्या बघतीलच ना. तिथे चार माणसांत त्यांना नाही म्हणायला लाज वाटेल."

"लाज नाही वाटणार. राग येईल. आणि कोणाचा येईल? हृतिकच्या बाबांचा. मोठं घर दाखवून फसवलं म्हणतील."

"त्यांनी तर लहान म्हटलं होतं!"

"तेच ना," कीर्ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती जिन्यातच उभी राहिली. बोलली तर लग्न मोडण्याची भीती होती. गप्प राहिली तर लग्न कदाचित टिकले असते. पण तिच्या चुकीची किंमत खोटेपणा म्हणून अशा माणसाच्या नावावर लागली असती, ज्याने एकट्यानेच खरे सांगितले होते, आणि दोनदा सांगितले होते. चुकीचे माप खोडून नवे देता येते. कोणावर आलेला खोटेपणाचा आळ तसा खोडता येत नाही.

रविवारी सकाळी, कमलाकर कडक इस्त्रीचा सदरा घालून आरशापुढे उभे असताना, तिने सांगितले.

"मांडव?" कमलाकर म्हणाले.

"मांडव."

"आनि घर?"

"कोपऱ्यात. लहान."

कमलाकर खाटेवर बसले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. "मी गावाला झोपाला सांगितला हाय," ते क्षीण आवाजात म्हणाले. मग आवाज चढला. "नाय जायाचा! फोन कर. सांग, बाबा आजारी हाय."

सुनीताबाई दारातून म्हणाल्या, "आजारी काय होताव? त्या मानसानं लहान हाय म्हटलेला. आपुन हसलो. नाय म्हनायचा त तोंडावर जाऊन नाय म्हना, आनि हसल्याची माफी मागून या."

कमलाकरांनी गुंडी पुन्हा लावली. गाडीत अंकिता खिडकीबाहेर पाहत होती आणि तिच्या मांडीवरचा पेढ्यांचा पुडा हळूहळू चेपत होता.

कामोठ्याच्या नव्या इमारती संपून जुने गाव सुरू झाले, आणि गाडी बोळात शिरेना म्हणून ते चालत गेले. दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागलेली घरे. वर पाहिले तर आकाशाची एक चिंधी. आणि बोळ संपला तिथे एकदम ऊन. अंगण शेणाने सारवलेले, कडेला तुळस, पलीकडे विहीर. घर कोपऱ्यातच होते, आणि चित्रात दिसले त्याहूनही लहान वाटले.

आनंदा गोवारींची आई सोनाबाई ओट्यावर बसल्या होत्या. आनंदा आणि हृतिक लगबगीने खुर्च्या मांडू लागले. चहा लगेच आला. घर पसंत नसेल तर मुलीकडच्यांनी चहाला हात लावायचा नाही, ही रीत दोन्ही घरांना ठाऊक होती. त्यामुळे कमलाकरांच्या समोर कप ठेवला गेला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्या कपावर जाऊन बसल्या. कमलाकरांनी हात मांड्यांवर ठेवले.

कीर्ती उभी राहिली. बसून बोलण्यासारखी गोष्ट नव्हती. "आजी, माझी चूक झाली. मी वरून फोटो बघून तुमचा मांडव मोजला, आणि ते घर आहे असं बाबांना सांगितलं. तुमचं कोणाचं काही चुकलं नाही."

सोनाबाईंनी डोळे बारीक केले. "तूच काय गो ती, आबालातून घरा मोजनारी?"

"हो."

"आनि मांडव मोजलास?"

"हो."

म्हातारी हसू लागली. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग आनंदांनी पाठीवर हात फिरवला. श्वास परत आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोनाचा मांडव गो? कुंदनचा, का प्रितेशचा?"

"म्हणजे?"

"कंच्या महिन्याचा फोटू?"

"एप्रिल."

"एप्रिलात त मांडव उतरतच नाय. एकाचा सोडला का दुसऱ्याचा बांधला. सगल्या आलीच्या हलदी हितंच."

कमलाकरांनी प्रथमच तोंड उघडले. "लोकांच्या हलदी, तुमच्या अंगनात?"

"मंग कुठं? सगल्यांनी घरा वारवली. भिंतीला भिंत लावली. आता नवऱ्याला बसवायचा कुठं, गच्चीव?"

"तुमी का नाय वारवला घर? जागा त हाय."

सोनाबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू मोठ्या माणसाने एवढे सोपे गणित विचारू नये. "वारवला असता त मांडव कुठं घातला असता?"

कीर्तीने पुन्हा एकदा अंगणावरून नजर फिरवली. तिने मोजले होते ते छप्पर नव्हते हे खरे. पण ती जागा कोणाचीच नव्हती, असेही आता म्हणवेना. अख्ख्या आळीच्या वाट्याचे मोकळे आकाश एका कुटुंबाने सांभाळले होते, आणि त्यासाठी स्वतः कोपऱ्यात सरकून राहिले होते. कचेरीत अशा जागेला 'रिकामी' म्हणून खूण करत.

"तुमचा बंगला मोठा हाय म्हनतान," सोनाबाईंनी कमलाकरांना विचारले. "मंग पोरीची हलद कुठं करशाल?"

कमलाकर घुटमळले. "रस्त्याव," ते म्हणाले. "सगलेच करतान."

"मागल्या टायमाला पुतन्याची हलद होती," सुनीताबाईंनी नवऱ्याकडे न पाहता पुरवणी जोडली. "नवऱ्याला हलद लावत होतो, आनि मदून पान्याचा टँकर गेला. त्यालापन लागली."

हृतिकला हसू आवरले नाही. त्याने ते खोकल्यात बुडवायचा प्रयत्न केला. कमलाकरांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "तू हसू नको. माजी पोर निजल कुठं ते सांग."

हृतिक सरळ उभा राहिला. "मागे विहिरीच्या अंगाला एक खोली काढतोय, काका. पाया झालाय. अंगणाला हात न लावता जेवढी बसते तेवढीच. मोठी नाही होणार. तुम्ही बघून घ्या."

"बगतो," कमलाकर म्हणाले. ते विहिरीकडे गेले, पायाच्या विटेवर बुटाच्या टाचेने ठोकून पाहिले, ती वीट कोणाकडून घेतली ते विचारले, आणि दराबद्दल नापसंतीने चुकचुकले. परत येऊन खुर्चीत बसताना त्यांनी घसा खाकरला. "जरा पानी…"

वाक्य पुरे होण्याआधी अंकिता उठली, ओट्यावरून आत गेली, दाराआड उजव्या हाताला असलेल्या माठावरचे झाकण तिने न पाहता उचलले, फळीवरचा पेला न शोधता घेतला, आणि पाणी आणून वडिलांच्या हातात दिले.

कमलाकर पेल्याकडे पाहत राहिले. मग मुलीकडे. "तुला गो कसा माहीत माठ कुठं हाय?"

हृतिक विहिरीकडे पाहू लागला. आनंदा तुळशीकडे. कीर्तीला वाटले, आता सगळे संपले.

"चार येला आली हाय पोर," सोनाबाई म्हणाल्या. "एकदा माजं पाय चेपून गेली. चांगलं चेपतं."

कमलाकर पाणी संथपणे, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. आपल्या घरातल्या तीन बायकांपैकी एकीने मांडवाला घर म्हटले, दुसरीने ठाऊक असून तोंड मिटले, आणि तिसरीने ओढून इथे आणले. एवढ्या सगळ्यांत आपण एकट्यानेच काही पाहिले नव्हते, असे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर उमटून गेले. त्यांनी पेला खाली ठेवला आणि आनंदा गोवारींकडे वळले.

"तुमी लहान म्हटलेला."

"म्हटलेला, पाव्हनं."

"आमी हसलो."

"हसलाव. मीपन हसलो. मना वाटला, काय तरी रीत आसल तुमच्याकडं."

कमलाकरांच्या मिशीखाली काहीतरी हलले. त्यांनी समोरचा कप उचलला, त्यावर जमलेली साय पाहिली, आणि तो सोनाबाईंच्या दिशेने पुढे केला.

"आजी, चहा निवला. दुसरा टाका."

"दुसरा कशाला? हाच गरम करून देतंय," सोनाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाल्या. "दूध काय आबालातून येतं?"